भिंतीचा चुना

वेन्सकोम, संत ॲग्नेसचा सण
२१ जानेवारी १३४९

चि. जर्व्हेस यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. गावचा पाद्री या नात्याने खरे तर तूच मला आशीर्वाद द्यायचास. पण तुला जाऊन आज नऊ दिवस झाले, तेव्हा दोन्ही बाजूंचे काम मीच उरकून घेते.

तू माझ्या मोलकरणीला, एमटला, सांगून गेलास की कॅथीड्रलमधून पवित्र तेल आणायला जातो आणि परवा परततो. ती बिचारी रोज संध्याकाळी तुझ्या चुलीत विस्तव घालून येते. तेलाला नऊ दिवस म्हणजे ऑलिव्हचे झाड लावण्यापासून सुरुवात केलेली दिसते.

माझ्याशी न बोलता गेलास याचे नवल वाटले. माझी खिडकी तुझ्या वाटेवरच आहे, चर्चच्या दारापासून आठ पावलांवर. अकरा वर्षांपूर्वी मी जन्मभर आत राहण्याचे व्रत घेतले आणि या कोठडीच्या दारावर बिशपांनी मोहोर केली, तेव्हा मृतांची प्रार्थना तूच म्हटलीस, माझ्या डोक्यावर राख तूच टाकलीस आणि हुंदके देऊन रडलास. जिवंत बहिणीचे अंत्यसंस्कार करताना जो इतका रडला तो साध्या प्रवासाचा निरोप घ्यायला विसरणार नाही, अशी माझी समजूत होती. असो.

इकडचे वर्तमान असे. परवा बिशपांचे पत्र आले आणि घंटा वाजवणाऱ्या ऑडोने ते चर्चमध्ये वाचून दाखवले. ऑडोचे वाचन तुला ठाऊकच आहे; लॅटिनमध्ये तो चिखलातून चालल्यासारखा चालतो. वेदीकडे उघडणाऱ्या माझ्या लहान खिडकीतून मला सगळे ऐकू येत होते. सार असे: मरीने इतके पाद्री नेले आहेत की कित्येक गावांत मरणाऱ्याजवळ कोणी नाही, आणि जे उरले ते तिकडे जायला धजत नाहीत. तेव्हा पाद्री मिळाला नाही तर मरणाऱ्याने आपल्या पापांची कबुली कोणाही सामान्य माणसाकडे द्यावी, पुरुष नसेल तर बाईकडेसुद्धा. येथे ऑडो थांबला. ती ओळ त्याने पुन्हा वाचली, बोट ठेवून. मग सारे चर्च माझ्या खिडकीकडे वळल्याची सळसळ झाली. मी पडदा सारखा केला.

एमट नंतर जेवण सरकवताना म्हणाली, "म्हणजे माई, आता तुम्हीच पाद्री?"

"नाही गं बाई. पाद्र्याचा फक्त कान. क्षमा द्यायची ती पाद्र्यानंच. मला नुसती ऐकायची परवानगी."

"मग ते तर तुम्ही अकरा वर्षं करताच आहात," ती म्हणाली. "मीच बोलते ना."

आणखी एक गोष्ट आहे, तिचा उलगडा तूच करू शकशील. गेल्या आठवड्यापासून माझ्या बाहेरच्या खिडकीशी, काळ्या पडद्यापलीकडे, माणसे येऊन उभी राहतात. आपल्या गावची नाहीत. हॉलकोमची, ब्रूअमची, खाडीकाठची. अंडी ठेवतात, चीज ठेवतात, काही मागत नाहीत. भिंतीला हात लावून निघून जातात. हॉलकोमला मरी पोचली असे म्हणतात. उन्हाळ्यात ब्रिस्टलच्या बंदरात उतरली ती आता आपल्या ओढ्यापासून दोन कोसांवर आहे. घाबरलेली माणसे समजतात, पण घाबरलेल्या माणसाने मला मधाची पोळी का द्यावी? माझे मांजर मात्र खूश आहे. त्याचे नाव मी बिशपांच्या तपासनिसावरून आर्चडीकन का ठेवले ते तू जाणतोसच: तोही खाण्यापुरता येतो आणि जाताना दोष काढून जातो.

हे पत्र ऑसबर्टबरोबर धाडते. लोकरीची खेचरे हाकताना त्याने तुला पाहिले म्हणे, वरच्या माळाच्या वाटेवर. कॅथीड्रल अगदी विरुद्ध दिशेला आहे. ते हलवले असल्यास कळव.

मेणबत्त्यांच्या सणाआधी ये. गावाच्या मेणबत्त्यांवर आशीर्वाद म्हणायला कोणी नाही.

भिंतीतून,
हाविस


६ फेब्रुवारी

जर्व्हेस,

मेणबत्त्या तशाच पेटवल्या. जळाल्या.

चर्चच्या उत्तरेच्या दारावर तू खिळ्याने ठोकून गेलेल्या चर्मपत्राविषयी मला परवा कळले. माझ्या तीन खिडक्यांपैकी एकीतूनही ते दार दिसत नाही, हे या जगात माझ्याखालोखाल तुलाच चांगले ठाऊक. एमटला मी विचारले, तू मला सांगितले कसे नाहीस? ती म्हणाली, "तुम्हाला काय सांगायचं माई, तुमचंच तर आहे ते!" तिला अक्षर येत नाही, पण पाठ आहे. गावात सगळ्यांना पाठ आहे. तिने डोळे मिटून, हात जोडून मला म्हणून दाखवले:

'वेन्सकोमच्या भिंतीत राहणाऱ्या आपल्या दासीला देवाने असे दाखवले की काळे पाणी चहूकडून चढेल, परंतु तिच्या भिंतीशी येऊन थांबेल. ती आत आहे तोवर तिच्या भिंतीच्या आश्रयाला असणाऱ्या कोणालाही मरी शिवणार नाही. जो गाव सोडील तो त्या पाण्यात जाईल.'

भाषा चांगली आहे. काकांनी तुला छडीने लॅटिन शिकवले आणि मला दाराआड शेंगा सोलता सोलता ते आपोआप आले, तेव्हापासून तुझे निबंध मीच सुधारत आले. येथे सुधारण्यासारखे काही नाही. फक्त स्वप्न माझे आहे.

ते मी तुला कधी सांगितले, आठवते? नाताळाच्या आधीच्या उपासांत, वेदीकडच्या खिडकीशी, गुडघ्यांवर बसून. बहिणीने भावाला नव्हे, पापी बाईने पाद्र्याला सांगितले. पाणी चढले, माझ्या भिंतीशी थांबले. सारा गाव भिंतीवर चढून बसला आणि माझ्या पायांना हात लावू लागला. आणि मला ते फार आवडले. पाप ते होते, जर्व्हेस. पाणी नव्हे. आवडणे. तू मला प्रायश्चित्त म्हणून सात स्तोत्रे सांगितलीस. ती मी म्हटली. स्वप्न तू घेऊन गेलास.

कबुलीत ऐकलेले जो पाद्री बाहेर बोलतो त्याची वस्त्रे उतरवून त्याला जन्मभर मठात डांबतात, हा नियम काकांनी तुझ्याकडून तीनदा लिहवून घेतला होता. तिसरी प्रत मीच लिहिली होती; तुझा हात दुखत होता.

आणि शेवटचे वाक्य माझ्या स्वप्नात नव्हते. 'जो गाव सोडील तो त्या पाण्यात जाईल.' ते तुझे आहे. ते लिहिलेस, ठोकलेस, आणि गाव सोडलास.

आता येथे काय चालले आहे ते ऐक. चार गावांची माणसे चर्चच्या आवारात गवत पसरून राहिली आहेत, काही आत खांबांशी. दाटी इतकी की ऑडोला घंटेच्या दोरीपर्यंत माणसे ओलांडत जावे लागते. काल मी काळ्या पडद्याआडून कारभारी वायमंडला स्वतःहून हाक मारली, जे मी अकरा वर्षांत केले नव्हते.

"कारभारी, दारावरचं ते मी सांगितलेलं नाही."

"नाही ना, माई."

"ते नुसतं स्वप्न होतं. त्या दिवशी मी वाटाण्याची पेज जरा जास्त खाल्ली होती."

"हो माई." मग मागे वळून लोकांना, कुजबुजत, पण मला ऐकू येईल अशा बेताने: "ऐकलंत? किती ही नम्रता!"

"नम्रता कसली रे बाबा, खरं बोलते आहे. इथे असे दाटीनं बसू नका. वरच्या कुरणात मेंढपाळांच्या झोपड्या रिकाम्या पडल्यात. एकेका घरानं एकेक झोपडी धरा आणि लांब लांब राहा."

"माई आपली परीक्षा बघताहेत," गिरणीवाल्या हॅमोची बायको लेटिस म्हणाली. "खोट्या असत्या तर हो म्हणाल्या असत्या."

तर्कशास्त्रात याला उत्तर नाही. मी पुष्कळ शोधले. मी 'नाही' म्हटले तर संत ठरते, 'हो' म्हटले तर संत ठरतेच. तू मला अशा जागी ठेवून गेला आहेस की माझ्या तोंडून खरे निघूच शकत नाही.

त्यांनी आता भिंत खरवडायला सुरुवात केली आहे. दगडांमधला चुना चाकूने काढतात आणि जवाच्या बिअरमध्ये कालवून पितात. त्यासाठी रांग लागते, रांगेत भांडणे होतात. अकरा वर्षांत या भिंतीला कोणी चुना लावला नाही, तो काढायला मात्र अर्धा परगणा आला. एमटही पिते, लपून. पांढऱ्या ओठांनी मला सांगते की मी नाही हो पीत.

काल पहिली गेली. ब्रूअमची एक विणकरीण, काखेत गाठ. वायमंड म्हणतो ती भिंतीपासून फार लांब झोपत होती. म्हणून आज सगळी आणखी जवळ सरकली आहेत.

माझे मागणे एका ओळीचे आहे. 'दारावरचे मी लिहिले, ते खोटे आहे, पांगा.' खाली तुझी सही. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास बसत नाही, पाद्र्याच्या बसेल. ऑसबर्ट थांबला आहे, लगेच निघतो.

हाविस


२४ मार्च

तुझे पत्र पोचले. हस्ताक्षर सुधारले आहे. हात उबदार जागी असावा. वरच्या माळावर एका खानदानी बाईंच्या वाड्यात, खासगी प्रार्थनागृहात तू आहेस, फाटक बंद असते, आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी शिरक्याने धुवून काढतात, हे वाचून बरे वाटले. खरेच वाटले. तू जिवंत आहेस हे पाहून आधी मला आनंद झाला आणि मग त्या आनंदाचा राग आला.

तू लिहितोस: 'मी त्यांना उघड्यावर टाकले नाही, ताई. तुला ठेवून आलो. माणसाला धरायला काहीतरी लागते. मी पळालो एवढेच कळते तर त्यांनी त्याच दिवशी धीर सोडला असता. तू बाहेर येण्याचा विचारही करू नकोस. तुझ्या आत्म्याची मला काळजी वाटते.'

तुझी ही काळजी चांगली प्रवास करते.

मी मागितलेली ओळ पाठवली नाहीस. तिच्याऐवजी दारावर ठोकायला दुसरे भविष्य पाठवलेस: 'ईस्टरच्या सकाळी मरी थांबेल, तोवर कोणीही भिंत सोडू नये.' चर्मपत्र उत्तम प्रतीचे आहे. त्याच्या कोऱ्या पाठीवर हे पत्र लिहिते आहे. उलटून पाहिलेस तर तुझे भविष्य दिसेल.

चौतीस गेले. ऑडो गेला; आता घंटा नाही. आवाराच्या पूर्वेला लांब चर खणला आहे. ज्यांना बोलता येत होते त्यांना उचलून माझ्या खिडकीशी आणत, आणि बिशपांच्या पत्राप्रमाणे मी ऐकत असे. सत्तावीस जणांचे ऐकले. त्यात तुझे नाव आले की नाही, आले असल्यास कोणाच्या तोंडी आणि किती वेळा, हे तुला कधीच कळणार नाही. पाहिलेस ना, हे किती सोपे असते.

एमट गेली.

तिची खोली माझ्या भिंतीला लागूनच, मधे जेवण सरकवायची खिडकी. त्या खिडकीतून माझा हात खांद्यापर्यंत जातो, त्यापुढे नाही. दोन दिवस मी तो तसाच पलीकडे ठेवला. तिचे कपाळ माझ्या बोटांच्या टोकांना लागत होते. पाण्याचे भांडे सरकवता येत होते, तिला उचलून बसवता येत नव्हते. तिच्या बहिणीने वरच्या कुरणातून दोनदा निरोप धाडला होता, ये म्हणून. त्या कुरणातल्या सहा झोपड्यांत आजवर एकही माणूस दगावलेला नाही. एमट गेली नाही. दारावरचे तिला पाठ होते.

कबुलीत तिने जे सांगितले ते माझ्याजवळ राहील. पुढचे कबुलीत नव्हते, ती संपल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाली, म्हणून लिहिते:

"माई, मी चुना कमी प्यायले का हो?"

मी काय उत्तर दिले असेन असे तुला वाटते? मी म्हटले, "नाही गं. भरपूर प्यायलीस." तिला बरे वाटले. तू गावाशी जे केलेस तेच मी तिच्याशी केले, फरक एवढाच की मी हात धरून होते. हा फरक पुरेसा आहे का, ते मला ठरवता येत नाही.

आता खरी गोष्ट. पाम रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, वायमंड उरलेल्या सगळ्यांना, एकशे वीस जीव आहेत, माझ्या भिंतीशी आणून बसवणार आहे. ईस्टरपर्यंत कोणी उठायचे नाही. तुझा नवा तुकडा न वाचताच त्यांना ते सुचले, म्हणजे तू त्यांना चांगले तयार केले आहेस. तसे झाले तर ईस्टरला प्रार्थना म्हणायला माणूस राहणार नाही.

त्यांचा विश्वास माझ्या शब्दावर नाही, माझ्या भिंतीवर आहे. 'ती आत आहे तोवर' असे तू लिहिलेस. आज अकरा वर्षांत प्रथमच मी दाराकडे दार म्हणून पाहिले.

याचा अर्थ तुला समजावून सांगायला नको. व्रत मोडून बाहेर पडलेली बाई चर्चमधूनही बाहेर पडते. तिला संस्कार नाहीत, तिच्यासाठी प्रार्थना नाही, आणि मेल्यावर पवित्र मातीत जागा नाही. या कोठडीच्या जमिनीत मी रोज एक मूठ माती काढून माझा खड्डा खणते आहे. अकरा वर्षांत गुडघाभर झाला. तोही दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल. मला ही कोठडी आवडते, जर्व्हेस. लोकांना वाटते मी येथे सोसते आहे. मी आयुष्यात कोठे सुखाने राहिले असेन तर या नऊ बाय आठ फुटांत. ते मी टाकावे की एकशे वीस माणसांनी मरावे, असा हा हिशोब तू माझ्या पुढ्यात मांडून ठेवला आहेस आणि स्वतः फाटक लावून बसला आहेस.

तुझी एक ओळ आली तर मला हे करावे लागणार नाही. पाम रविवारपर्यंत वाट पाहते. लहानपणी तू ओढ्यात पडलास तेव्हा तुझ्या चुकीची छडी मी खाल्ली. काकांना सांगितले की मीच ढकलले. त्या वेळी तू म्हणाला होतास, 'ताई, मी कधीतरी फेडीन.' एक ओळ.

हाविस


ईस्टरनंतरचा दुसरा सोमवार
२० एप्रिल

जर्व्हेस,

पाम रविवारच्या आदल्या दिवशी ऑसबर्ट आला. मी पडद्यातून हात बाहेर काढला. हातावर काही पडले नाही.

"दिलं होतंस ना त्यांच्या हातात?"

"त्यांच्याच हातात दिलं, माई. माझ्यादेखत वाचलं. दोन्ही बाजू वाचल्या. म्हणाले, उत्तर नाही."

"तोंड कसं होतं?"

ऑसबर्टने बराच विचार केला. प्रामाणिक माणूस आहे. "भरलेलं होतं, माई. जेवत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळी आली, विलोच्या फांद्या हातात घेऊन, गाणी म्हणत. गाणे सांगायला ऑडो नव्हता, तेव्हा प्रत्येकाचे वेगळे. माझ्या भिंतीला पाठी लावून बसली. दगडांतून मला त्यांचे खोकणे पाठीवर जाणवत होते.

मला दाराची काळजी होती. ओकच्या फळ्या, बाहेरून अडसर, त्यावर मोहोर. पण दाराची गरजच पडली नाही. बाहेरच्या खिडकीखालचा सगळा चुना ते पिऊन बसले होते. दगड एकमेकांवर नुसते सवयीने उभे होते. मी प्रार्थनेचे स्टूल आडवे धरले, तुझे नाव घेतले (शिवी दिली नाही, नावच घेतले) आणि ढकलले. तिसऱ्या धक्क्याला एक दगड बाहेर गेला, मग त्याच्यामागून पाच.

पहिली आरोळी "चमत्कार!" अशी होती. हॅमोची. दगड त्याच्या पायाच्या अंगठ्याशी पडला होता. मग त्या भोकातून माझे डोके बाहेर आले, मग एक पाय, आणि मग कोणी चमत्कार म्हणाले नाही.

ऊन फार होते. मी खाली बसले, कारण पाय आकाशाखाली उभे राहायला विसरले होते. त्यांच्या तोंडांकडे पाहिले. अकरा वर्षे ज्यांचे आवाज ऐकले त्यांची तोंडे मी मनाने बनवली होती. एकही जुळले नाही. त्यांचेही तसेच झाले असावे. मी इतकी बुटकी असेन असे त्यांना वाटले नव्हते.

वायमंड गुडघ्यांवर आला. "आत जा, माई! अहो, जा ना आत! आम्ही लावतो दगड, हे बघा, आत्ता लावतो—" आणि खरेच दगड उचलू लागला, रडत. दोघांनी माझे खांदे धरून मला भोकाकडे रेटले.

"कारभारी, मी बाहेर आले," मी म्हटले. "आता या भिंतीत काही नाही. मोडली. कुरणात जा. एकेका घरानं एकेक झोपडी."

"सटवी!" लेटिस ओरडली. मला संत म्हणून सिद्ध करणारी तीच. "आमच्या पोरांचे जीव त्या भिंतीच्या भरवशावर होते आणि हिला ऊन खायचं होतं!" तिने चिखलाचा गोळा मारला. नेम चांगला आहे. वायमंड थुंकला. मग कोणीतरी "पाणी आलं!" म्हणाले, आणि ज्यांना मी दोन महिने हात जोडून 'जा' म्हणत होते ती सगळी, आजारी पाठीवर घेऊन, माझ्यापासून पळाली. ऊन कलण्याआधी आवार रिकामे. फांद्या तेवढ्या पडून राहिल्या.

मी उठले आणि माझ्या खिडकीपासून चर्चच्या दारापर्यंतची वाट चालून पाहिली. आठच पावले आहेत. अकरा वर्षांच्या बसक्या पायांनासुद्धा आठच लागली.

दारावरची बिशपांची मोहोर अजून शाबूत आहे. मी ती मोडलेली नाही. खरा आर्चडीकन चौकशीला येईल तेव्हा हा मुद्दा त्याच्यापुढे मांडीन. मांजर माझ्या बाजूने साक्ष देईल.

एक गोष्ट तुला कळायला हवी. ते माझे नाव घेऊन शाप देतात. तुझ्याबद्दल चांगलेच बोलतात. जाता जाता एक म्हातारी म्हणत होती, "पाद्रीबाबा इथं असते तर तिनं असं केलं नसतं." उत्तर दारावरचे चर्मपत्र मी काढायला गेले, पण आधीच कोणीतरी ते जपून, खिळ्यासकट, काढून नेले होते.

मी तुझ्या घरात राहते. तुझ्या चुलीत विस्तव आहे. एमटचे काम आता मी करते. रोज सकाळी उंबऱ्यात उभी राहून वरच्या कुरणातले धूर मोजते. एक झोपडी, एक धूर. पहिल्या सकाळी एकोणीस होते. तिसऱ्या सकाळी सतरा. ज्यांनी मरी येथूनच नेली होती ते असतील. गेले बारा दिवस सतराच आहेत. ईस्टरच्या सकाळी वारा होता, सोळा दिसले; मी दुपारपर्यंत उभी होते, मग सतरावा वर आला. ओली लाकडे असावीत.

काल वायमंड ओढ्यापलीकडे येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढली आणि बराच वेळ बोलला. ते मी लिहिणार नाही. मग टोपी घातली आणि ओरडून विचारले, "खाता काय हो तिकडे?"

"जे मिळेल ते!"

"जे मिळेल ते म्हणे!" तो पुटपुटला, ओढ्यातल्या सपाट दगडावर चीजचा गड्डा ठेवला आणि मागे न बघता चढ चढून गेला. माई म्हणाला नाही. बाई म्हणाला नाही. पण चीज ताजे होते.

आता तुझ्याविषयी. ऑसबर्ट सांगतो की तुमच्या फाटकाच्या आत मरी शिरली, शिरका असूनही. बाईसाहेब गेल्या, नोकर पांगले, आणि तू तबेल्यात एकटा राहतोस. सांगतो की तू त्याला दोनदा विचारलेस, वेन्सकोमची वाट मोकळी आहे का. मोकळी आहे.

बिशपांच्या पत्राची प्रत अजून चर्चच्या खांबाला लावलेली आहे, कोणी ती रद्द केलेली नाही. वेन्सकोमला पाद्री नाही. तुला स्वतःची कबुली स्वतः ऐकता येणार नाही, आणि तो वाडा ते हा ओढा एवढ्या मुलखात जिवंत पाद्री मला तरी ठाऊक नाही. तेव्हा तुला काही सांगायचे झाले तर ते माझ्याकडेच सांगावे लागेल. कोठडी रिकामी आहे. भोक मोठे आहे, तू सहज मावशील. तू आत बस, सावली आहे. मी बाहेर बसेन; मला ऊन फार आवडू लागले आहे, आणि हे आवडणे पाप आहे की नाही हे ठरवायला येथे कोणी उरले नाही.

क्षमा मात्र मागू नकोस. ती द्यायचा अधिकार मला नाही, बिशपांनी तसे स्पष्ट लिहिले आहे, आणि खरे सांगायचे तर ती सोय मला बरी वाटते. मला ऐकण्यापुरती परवानगी आहे. तेवढे मी करीन, अगदी शेवटपर्यंत.

ये. आणि भिऊ नकोस, मी कोणाला सांगणार नाही.

भिंतीबाहेरून,
हाविस